तिरकी नजर

सरळ नजरेची आपल्या भाषेंत फार थोरवी आहे. डोळ्याला डोळा भिडवून बोलतो तो प्रामाणिक, समोर पाहून चालतो तो सालस. आणि ज्याची नजर तिरकी तो, बिचाऱ्यानें अजून कांहींहि केलेलें नसलें तरी, संशयास पात्र. दिवसाच्या व्यवहारांत हा नियम ठीक असेल. रात्रीच्या आकाशाखालीं मात्र तो साफ उलटतो. आकाशांतली एखादी अंधुक वस्तु पाहावयाची असेल तर तिच्यावर दृष्टि रोखूं नये. तिच्या जरा बाजूला पाहावें. म्हणजे ती डोळ्याच्या कोपऱ्यांतून हळूच पुढें येते, आणि आनंदाच्या भरांत तिच्याकडे वळून पाहिलें कीं तत्काळ नाहींशी होते. नवशिक्याला ही आकाशानें चालविलेली थट्टा वाटते.

थट्टा आकाशाची नव्हे, आपल्याच डोळ्याची आहे. डोळ्याच्या पडद्याचा जो ऐन मध्य, तेथें शंकूच्या आकाराच्या पेशींची दाटी असते. अक्षर वाचणें, सुईंत दोरा ओंवणें, माणसाचा चेहरा ओळखणें हीं सारीं नाजूक कामें त्यांचीं. पण त्यांना उजेड भरपूर लागतो. अंधारांत काम करणाऱ्या दंडाच्या आकाराच्या पेशी त्या मध्यबिंदूंत मुळींच नसतात. त्या सभोंवार पसरलेल्या असतात, आणि मध्यापासून पंधरा-वीस अंशांवर त्यांची गर्दी सर्वांत अधिक. त्यांना रंग कळत नाहीं, बारीक अक्षर लागत नाहीं. परंतु दिव्यापासून दूर अर्धा तास बसलें म्हणजे त्या अशा जाग्या होतात कीं, शंकूंनीं जेथें हात टेंकले तेथें त्यांचें काम सुरू होतें. पंडित मंडळी मध्यें बसलेली आणि रात्रीचे रखवालदार कडेला, असा हा डोळ्याचा दरबार आहे.

तिरक्या नजरेनें पाहावी अशी माझी सर्वांत आवडती वस्तु नरतुरंग मंडळांत आहे. ती सांपडावयास सोपी. मे महिन्याच्या मध्यास रात्रीं साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे चित्रेचा शुभ्र तारा समोरच पुष्कळ उंचावर आलेला असतो. गवंडी सोडतो तसा त्या ताऱ्यापासून एक ओळंबा मनानें खालीं सोडावा. चित्रा आणि आपली वस्तु हीं दोन्ही जवळजवळ एकाच क्षणीं याम्योत्तरवृत्त ओलांडतात, त्यामुळें ओळंबा चुकावयाचा नाहीं. पुण्याच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून सुमारें २४ अंशांवर थांबवावा. हात लांब करून बोटें फांकलीं तर एक वीत आणि वर दोन-तीन बोटें. उजव्या हातास खालीं त्रिशंकू कलूं लागलेला असतो, डाव्या हातास आणखी खालीं मित्र आणि मित्रक. मध्यें, कांहींशा रिकाम्या जागीं, चवथ्या प्रतीचा एक तारा दिसतो. त्याच्याकडे न पाहतां पाहिलें तर तो ताऱ्यासारखा नाहीं हें हळूहळू ध्यानांत येतें. इतर तारे टांकाच्या टोंकानें दिलेल्या टिंबासारखे. हा टिपकागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखा, कडेनें फुटलेला.

तो तारा नव्हेच. सुमारें एक कोटी ताऱ्यांचा तो गोल गुच्छ आहे, आणि आपल्या आकाशगंगेभोंवतीं असे जे दीडशेंहून अधिक गोलाकार तारकागुच्छ आहेत त्यांतला हा सर्वांत मोठा. दीडएकशें प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यांत हे सारे तारे बसविलेले. आज रात्रीं आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तेथून निघाला तेव्हां माणसानें शेतीहि सुरू केलेली नव्हती. अंतर सतरा हजार प्रकाशवर्षांच्या घरांत आहे.

इतकी मोठी वस्तु इतके दिवस तारा म्हणून खपली याची मला गंमत वाटते. दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनें तारे मांडले त्यांत हा घोड्याच्या पाठीवरचा एक तारा म्हणून नोंदला गेला. १६०३ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें योहान बायरनें आकाशाचे नकाशे प्रसिद्ध केले आणि मंडळांतल्या ताऱ्यांना ग्रीक अक्षरांचीं नांवें देण्याची चाल पाडली. त्यांत याच्या वांट्याला आलें तें वर्णमालेंतलें शेवटचें अक्षर, ओमेगा. बायर धंद्यानें वकील, आणि ऑग्सबर्गच्या आकाशांत हा पुंजका क्षितिजाच्या वर येतच नाहीं. अशिलाचें तोंड न पाहतां कागद तयार करावे तसा हा प्रकार. तरी नांव टिकलें. अजूनहि साऱ्या जगांत त्याला ओमेगा सेंटॉरीच म्हणतात.

हा तारा नसावा, हें प्रथम नोंदलें तें एडमंड हॅलीनें. ऑक्सफर्डचा अभ्यास अर्धा टाकून विसाव्या वर्षीं हा तरुण दक्षिणेकडचे तारे मांडण्यासाठीं सेंट हेलेना बेटावर गेला. बेटावर ढगांनीं त्याला पुष्कळ सतावलें. पण १६७७ सालीं त्यानें या ठिपक्याचा अंधुकपणा टिपून ठेवला. पुढें १८३४ पासून १८३८ पर्यंत जॉन हर्शेल केप टाऊनजवळ मोठी दुर्बीण मांडून बसला, तेव्हां तो अंधुकपणा दाण्यादाण्यानें सुटा झाला. असल्या वस्तूंत आकाशांत याची बरोबरी करणारी दुसरी नाहीं, असें त्याचें मत पडलें. टॉलेमीपासून हर्शेलपर्यंत सतरा शतकें गेलीं. दृष्टि सर्वांचीच चांगली होती. मधल्या काळांत कमी होतीं तीं कांचेचीं भिंगें, आणि दक्षिणेस जाऊन बसण्याची तयारी.

माझी आक्का मजहून अकरा वर्षांनीं मोठी. प्राथमिक शाळेंत तिनें पस्तीस वर्षें शिकविलें, आणि शाळेला सुट्टी लागली म्हणजे उरलेली हौस मजवर भागविली. मृग, हस्त, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा हीं नक्षत्रें मला तिनेंच आमच्या कोंकणांतल्या घराच्या अंगणांत बाजेवर निजवून दाखविलीं, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांवर प्रश्नहि विचारले. नरतुरंग तिच्या यादींत नव्हता. सत्तावीस नक्षत्रें चंद्राच्या वाटेवरचीं. हें मंडळ त्या वाटेपासून फार दक्षिणेला. पंचांगांत ज्याला जागा नाहीं त्याच्याशीं आक्काचा परिचय असण्याचें कारण नव्हतें.

सहा वर्षांपूर्वीं तिच्या डोळ्यांत फरक पडूं लागला. प्रथम पंचांगांतल्या उभ्या रेघा मध्यें वांकल्यासारख्या दिसल्या. मग ओळींतला एखादा शब्द मधूनच गळूं लागला. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हा मोतीबिंदु नव्हे कीं काढून टाकला आणि झालें; वयोमानानें पडद्याचा मध्यभागच झिजत चालला आहे. गेलेलें परत यावयाचें नाहीं, मात्र कडेची दृष्टि शाबूत राहील, ठार अंधत्व येणार नाहीं. डॉक्टर सज्जन होते, आणि हें त्यांनीं धीर देण्यासाठींच सांगितलें. पण जन्मभर जिनें वाचलें तिला पुस्तकाचे चारी कोपरे दिसतील, धरलेलीं बोटें दिसतील, आणि ज्यावर दृष्टि ठेवावी तें अक्षर तेवढें दिसणार नाहीं, या सांगण्यांत धीर कसला शोधावा? समोर बसलेल्या माणसाचे कान तिला दिसत, खांदे दिसत. चेहऱ्याच्या जागीं राखाडी डाग. ती माणसें चालीवरून ओळखूं लागली. मी गडग्याच्या बेड्यांतून आंत शिरलों कीं "अजून उजवा पाय ओढतोस," असें स्वागत होई. ज्ञानेश्वरीचें वाचन थांबलें. पाठ होत्या तेवढ्या ओव्या ती म्हणे. जेथें अडे तेथें कोणास विचारीत नसे, अध्याय पहिल्यापासून पुन्हा सुरू करी.

तीन वर्षांपूर्वीं चैत्र अमावास्येच्या रात्रीं सबंध गांवाची वीज गेली होती. उकाड्यानें झोंप नाहीं, म्हणून मी माझी दोन नळ्यांची लहान दुर्बीण घेऊन गडग्याशीं उभा होतों. आक्का पायरीवर येऊन बसली.

"काय बघतोस?"

मीं सांगितलें. सांगतां सांगतां चित्रेच्या खालीं ओळंबा कसा सोडावा तेंहि सांगून गेलों, आणि मग मला बोललों तें बोलावें कीं न बोलावें असें झालें. जिला माझें तोंड दिसत नाहीं तिला सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा पुंजका दाखवावयाचा!

आक्का मात्र उठून गडग्यापाशीं आली. "चित्रेकडे बघितलं कीं चित्रा जाते," ती म्हणाली, "पण फणसाच्या शेंड्याकडे बघितलं कीं दिसते. तशी रोजच बघते मी." मीं तिचीं कोंपरें दगडांवर टेंकविलीं, दुर्बिणीची दिशा धरून दिली आणि बाजूला झालों. तिनें डोळा भलतीकडेच लावला. कोणाहि खगोलशास्त्रज्ञानें शिष्याला जें महिनोन्महिने शिकवावें तें तिला आजारानें आधींच शिकविलें होतें. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं.

"आहे," ती म्हणाली.

"कसं आहे?"

"चिमटींतली रांगोळी एके ठिकाणीं सांडावी तसं."

शिक्षिकेच्या शब्दावर एकदम विश्वास ठेवूं नये. पोराच्या पाटीवर कांहींहि असलें तरी शाबासकी देण्याची त्यांना संवय असते, आणि मी तिच्या पुढ्यांत पाटी धरलेला पोरच होतों. ती माझें मन राखण्यासाठीं बोलते आहे अशी शंका मनांत येते न येते तोंच ती म्हणाली, "गेलं." मीं वर पाहिलें. आकाश मला स्वच्छ दिसत होतें. मग नीट पाहिलें, तेव्हां समुद्राकडून आलेला एक विरळ ढगाचा पदर दक्षिणेवरून सरकत होता. थोड्या वेळानें तो पुढें गेला. मी मुद्दाम कांहीं बोललों नाहीं.

"आलं," आक्का म्हणाली. नंतर दुर्बीण खालीं घेऊन, "किती असतील रे त्यांत?"

"एक कोटी."

"मोजले कुणीं?"

प्रश्न शाळेंतला होता आणि रास्त होता. मोजण्याचा प्रयत्न झालेला आहे. हार्वर्ड वेधशाळेनें पेरू देशांत आरेकीपा येथें एक ठाणें उभारलें होतें. तेथें घेतलेल्या छायाचित्रांवरून सोलन बेली यानें या गुच्छांतले सहा हजारांवर तारे मोजले. अधिक मोजणें शक्य नव्हतें, कारण मधल्या भागांत ठिपके एकमेकांत मिसळून जातात. म्हणून पुढच्या लोकांनीं मोजण्याचा नाद सोडून तोलण्याचा मार्ग धरला. धान्याच्या राशींतले दाणे आपण मोजत नाहीं. गुच्छांतले तारे आपापल्या वाटांनीं फिरत असतात. त्यांचा वेग जितका अधिक, तितकें त्यांना बांधून ठेवणारें वजन अधिक असलें पाहिजे, नाहींतर ते केव्हांच उधळून गेले असते. या हिशेबानें गुच्छाचें वजन आपल्या सूर्याच्या सुमारें चाळीस लाख पट भरतें. तेथले बहुतेक तारे सूर्याहून लहान आणि मंद, त्यामुळें संख्या कोटीच्या घरांत जाते. हें सारें आक्कानें ऐकून घेतलें आणि "म्हणजे अंदाज," असा शेरा दिला. मोठ्या अंदाजाला शास्त्रांत काय म्हणतात हा वाद मीं त्या रात्रीं काढला नाहीं.

त्याच बेलीला मोजतां मोजतां दुसरीच एक गोष्ट सांपडली, आणि ती त्या मोजणीपेक्षां किती तरी मोलाची ठरली. एकाच गुच्छाच्या निरनिराळ्या रात्रींच्या छायाचित्रांत कांहीं तारे कमीजास्त तेजस्वी दिसत. १९०२ सालापर्यंत त्यानें या एका पुंजक्यांतच असे शंभरावर तारे हुडकले. कांहीं तासांत त्यांचें तेज वाढतें आणि ओसरतें, आणि तें घड्याळाच्या नियमानें. असे तारे सरासरीनें सारख्याच तेजाचे असतात. म्हणून ते जेथें मंद दिसतील तो गुच्छ लांब, जेथें ठळक दिसतील तो जवळ. हार्लो शॅप्ली या अमेरिकन तरुणानें माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर हीच फूटपट्टी वापरून एकेका गुच्छाचें अंतर काढलें.

त्या काळीं आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्याजवळ आहे अशी बहुतेकांची समजूत होती. तीहि अगदीं वेडेपणाची नव्हती. आकाशगंगेच्या पट्ट्यांत सरळ पाहिलें तर चहूंकडे ताऱ्यांची दाटी सारखीच वाटते. पण हा सारखेपणा धुळीचा होता. ताऱ्यांच्या मधल्या पोकळींत इतकी धूळ आहे कीं त्या पट्ट्यांत आपली दृष्टि थोडक्या अंतरावरच अडते, आणि दाट धुक्यांतल्या वाटसरूप्रमाणें प्रत्येकजण स्वतःला मध्यावर समजतो. गोलाकार गुच्छ मात्र पुष्कळसे त्या पट्ट्याच्या वर आणि खालीं, धुळीच्या बाहेर पसरलेले. शॅप्लीनें त्यांच्याकडे पाहिलें. त्यांतले तिसऱ्या हिश्शाइतके गुच्छ एकट्या धनु राशीच्या आसपास गोळा झालेले आहेत, आणि तो भाग म्हणजे साऱ्या आकाशाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. जत्रेच्या मैदानांत रात्रीं कंदील जर एकाच बाजूला दाटलेले दिसले, तर आपण मैदानाच्या कडेला उभे आहों हें पोरालाहि कळतें. १९१८ सालीं शॅप्लीनें तसेंच अनुमान काढलें: मध्य तिकडे धनूच्या दिशेला, आणि आपण इकडे बाजूला. त्याचीं अंतरें जवळजवळ दुपटीनें फुगलेलीं निघालीं. मध्य आपणांपासून सुमारें २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे असें आज मानतात. दिशा मात्र बिनचूक ठरली. ती आपल्या मूळ नक्षत्राच्या जवळून जाते. हा केवळ योगायोग आहे, त्यावर कोणी पुराण रचूं नये. पण आक्काला तो सांगितल्यावर ती फार वेळ हंसत होती.

पृथ्वीला मध्यावरून हलविलें म्हणून कोपर्निकसाचें नांव शाळेंतल्या पोरांना पाठ असतें. सूर्याला मध्यावरून हलविणाऱ्या शॅप्लीला हा मान मिळाला नाहीं. मला वाटतें, दुसऱ्या खेपेला घराबाहेर काढलेल्या माणसाकडे शेजारी पहिल्याइतक्या कुतूहलानें पाहत नाहींत.

ओमेगाचें स्वतःचें कूळ काय, याचा निकाल अजून लागतो आहे. सामान्य गुच्छांतले तारे बहुतेक एकाच पिढीचे असतात. यांत निरनिराळ्या वयांचे आणि घडणींचे तारे मिसळलेले आहेत. जुने तारे सुमारें बारा अब्ज वर्षांचे. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचा तर्क असा कीं, ही एके काळीं स्वतंत्र अशी लहानशी दीर्घिका असावी. आपल्या आकाशगंगेनें तिला ओढून घेतलें, बाहेरचें सारें ओरबाडलें आणि गाभा तेवढा उरला. २०२४ सालीं हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या छायाचित्रांवरून त्या गाभ्यांत भलत्याच वेगानें धांवणारे सात तारे दाखविण्यांत आले. कमींत कमी ८,२०० सूर्यांच्या वजनाचें कृष्णविवर तेथें दडलेलें असल्यावांचून ते तारे तेथें टिकणार नाहींत, असें तो शोध लावणाऱ्यांचें म्हणणें. वजनाविषयीं मतभेद आहेत आणि आणखी कांहीं वर्षें ते राहतील. पण विवर काय, तेंहि दिसलें नाहीं; त्याच्या आजूबाजूला पाहूनच ओळखलें.

दुसरी एक गोष्ट मला अधिक जवळची वाटते. पंचांग पाहणाऱ्यांना अयनचलन ठाऊक असतें. पृथ्वीचा आंस भोंवऱ्यासारखा डुलतो, आणि त्यामुळें हा पुंजका आपल्या आकाशांत शतकाला अर्ध्या अंशाहून थोडा अधिक खालीं जात आहे. हें आक्काला सांगितलें तेव्हां तिनें क्षणभर थांबून विचारलें, "मग ज्ञानेश्वरांना तो वरती दिसत असेल?" हिशेब केला. नेवाशाहून आज तो क्षितिजापासून २३ अंशांवर चढतो. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हां, जवळजवळ २७ अंशांवर चढत असला पाहिजे. आक्काला तो आंकडा पसंत पडला. तेव्हांपासून अडलेली ओवी आठवावयाची असली म्हणजे ती दक्षिणेकडे तोंड करून बसते. ओव्या त्यामुळें आठवतात असें तिचें म्हणणें नाहीं. बसावयास ती बाजू बरी, एवढेंच.

शतकाला अर्धा अंश म्हणजे सवडीचें काम. दिव्यांना तेवढी सवड नाहीं. गेल्या वर्षीं गांवच्या तिठ्यावर उंच खांबाचा एक प्रचंड दिवा बसला. लोकांना त्याची सोय आहे, त्याविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु तो नेमका आमच्या दक्षिणेला आहे, आणि अंगणांतून आतां चित्रेच्या खालीं दुधट उजेडावांचून कांहीं दिसत नाहीं. यंदा मीं परसांत विहिरीपलीकडे एक जागा शोधली. तेथें गोठ्याची भिंत दिव्याला आड करते, आणि त्रिशंकू नाहीं तरी नरतुरंगाची पाठ मोकळी दिसते. अंगणांतून तेथवर जावयाचें तर चिऱ्याच्या झिजलेल्या पायऱ्या उतराव्या लागतात. मी हात द्यावयास गेलों तेव्हां आक्कानें नको म्हटलें. पायऱ्या नऊ आहेत आणि सातवी हलते, हें ती दिवसाउजेडीं एकटी जाऊन पाहून आली होती.